धागा: आमच्या घराण्याला ‘कोट ऑफ आर्म्स’ होता का? (सोबत एका पितळी पाटीचं कोडं)

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज अडलं म्हणून लिहितोय.

माझी भाची लेस्टरला असते. तिच्या पोराला (वय ९) शाळेतून गृहपाठ आलाय की आपल्या घराण्याचं कोट ऑफ आर्म्स काढून आणा. ती ढाल, दोन्ही बाजूंना प्राणी, खाली ब्रीदवाक्य वगैरे. भाचीने नेटवर ‘पाटील’ टाकलं तर एका दुकानाने लगेच तयार ढाल दाखवली. निळ्यावर सिंह, वर तीन चांदण्या. मगवर छापून मिळेल, टी-शर्टवर मिळेल, भिंतीवर टांगायला लाकडी पण मिळेल. तिचा फोन, “मामा, हे आपलं खरंच आहे का?”

मी सांगितलं, थांब, आपल्याकडे खरं आहे. कारण भडगावजवळच्या आमच्या गावी, जुन्या घरात, देवघराच्या वर एक पितळी पाटी लावलेली आहे. तळहातापेक्षा थोडी मोठी. डावीकडे मुकुट घातलेला सिंह, उजवीकडे घोडा, मधे ढाल, ढालीत चार कप्पे, एका कप्प्यात वीणा. आजोबा सांगायचे की आपल्या खापरपणजोबांना राणीने दिली. घोडा त्यांचा पंचकल्याणी. वीणा का, तर घराण्यात कीर्तन होतं. खाली पट्टीवर इंग्रजी अक्षरं आहेत, सुरुवात डी-आय-ई-यू. आजोबांच्या मते ते ‘दीव’, म्हणजे पूर्वज दीव-दमणकडे पोर्तुगीजांशी लढले होते.

प्रश्न दोन. ही पाटी कशाची? आणि पूर्वजांचं असं काही चिन्ह होतं का, हे खानदेशात कुठे शोधायचं?

शेवभाजी
पहिला मी! कीर्तनकार, घोडेस्वार आणि दर्यावर्दी, तिन्ही एकाच खापरपणजोबात. आमचे खापरपणजोबा नुसते उसनवारीत प्रसिद्ध होते.

निळापेन
मूळ मुद्दा. भाचीच्या मुलाचं घराणं म्हणजे तिचं सासर ना? तुमच्या देवघरावरची पाटी त्याची कशी?

गिरणाकाठ
निळापेन, भाची माहेरची पाटील, सासरची पाटील, आजोळची पाटील. खानदेश आहे भाऊ.

शेवभाजी
हा हा. मग त्या दुकानदाराचं सोनं झालं. एक ढाल काढायची नि दोन जिल्ह्यांत खपवायची.

अमळनेरी
हसण्यावारी नका नेऊ, मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे पाटील हा आडनावाआधी हुद्दा. लेवा पाटील, मराठा पाटील, गुजर पाटील, कोळी पाटील, सगळे एकाच पाटीखाली. मूळ आडनाव वेगळंच असतं, ते फक्त सोयरीक जुळवताना निघतं. आमच्या वर्गात ४२ पोरं होती, त्यात १९ पाटील. मास्तर गावाच्या नावाने हाक मारायचे. ‘पाटील घराण्याची ढाल’ म्हणजे ‘तलाठी घराण्याची ढाल’ म्हटल्यासारखं.

लेस्टरकर
मी त्याच गावात राहते, म्हणून नियम सांगते. इंग्लंडात ढाल आडनावाला मिळतच नाही. ती एका माणसाला मिळते आणि त्याच्या वंशाला, तीही बापाकडून लेकाकडे अशी, जाते. स्मिथ नावाच्या एकाला १६०० साली मिळाली असेल तर बाकीच्या लाखो स्मिथांचा तिच्याशी काही संबंध नाही. हे सगळं बघायला लंडनला कॉलेज ऑफ आर्म्स आहे, १४८४ पासूनचं. नाव कॉलेज, पण तिथे कोणी शिकत नाही, ते दफ्तर आहे. स्कॉटलंडचा कारभार वेगळा, तिथे ‘लॉर्ड लायन’ नावाचा अधिकारी आणि त्याचं चक्क कोर्ट आहे. दुसऱ्याची ढाल मिरवली तर तिथे खटला होऊ शकतो.

मगवाली दुकानं इथे गल्लोगल्ली. गोरे लोकही फसतात, आपलं काय घेऊन बसलात. भाचीला म्हणावं पैसे घालू नकोस. शाळेला खरं-खोटं तपासायचं नसतं, पोराने काहीतरी विचार करून चित्र काढावं एवढंच असतं.

जुनापुराणा
निवृत्त इतिहासशिक्षक, धुळे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

अशी विलायती धर्तीची ढाल आपल्याकडे बहुतेक संस्थानिकांकडे दिसते आणि तीही उशिरा आलेली. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर करायला. तेव्हा राजेरजवाड्यांना साटणीचे भरजरी झेंडे दिले आणि प्रत्येकावर त्या त्या संस्थानची ढाल. त्या बनवल्या कोणी? बंगालच्या मुलकी सेवेतला रॉबर्ट टेलर नावाचा साहेब, त्याने. त्याने प्रत्येक घराण्याच्या दंतकथा, देवदैवतं, मुलूख बघून विलायती साच्यात बसवलं. म्हणजे ज्याला आपण आज ‘पुरातन राजचिन्ह’ म्हणतो त्यातलं पुष्कळसं एका साहेबाच्या टेबलावर जन्मलंय.

साचा परका, पण आतला ऐवज खोटा नव्हे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हात नाग आहे. झोपलेल्या पोरावर नागाने फणा धरला ही कथा शिंद्यांचीही सांगतात आणि मल्हारराव होळकरांचीही. मल्हाररावांची तर आपल्या तळोद्याची. बाप गेल्यावर आई त्यांना घेऊन भावाकडे, भोजराज बारगळांकडे, तळोद्याला आली. तिथे मेंढरं राखताना पोर झोपलं नि नागाने सावली केली, अशी कथा. बडोद्याचं ब्रीद ‘जिन घर जिन तख्त’, खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन. हे मात्र कोण्या साहेबाला टेबलावर बसून सुचणारं नाही.

निळापेन
सर, मग आपल्याकडे त्याआधी काहीच नव्हतं म्हणायचं? शिवाजी महाराजांची मुद्रा?

जुनापुराणा
मुद्रा वेगळी. ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा’, शहाजीचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा. नाव घालून आहे, त्या माणसापुरती. संभाजी महाराजांची मुद्रा वेगळी, स्वतःची. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव, मग ‘हर्षनिधान’, मग पेशव्याचं नाव नि ‘मुख्य प्रधान’. पेशवा बदलला की शिक्का बदलला. ढाल वारशाने उतरते, शिक्का उतरत नाही. दोन्हींची गल्लत करून आपले लोक ‘घराण्याची राजमुद्रा’ म्हणून फ्लेक्सवर छापतात ती गोष्ट निराळी.

शेवभाजी
फ्लेक्सचा विषय काढू नका सर. आमच्या चौकात एकाच फ्लेक्सवर वाघ, सिंह, घोडा नि इच्छुक उमेदवार. प्राणी सगळे एकाच बाजूला बघतायत, उमेदवार दुसरीकडे.

मोडीवेडा
गिरणाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाहीये, म्हणून मी.

ढाल विसरा. जुन्या मराठी कागदात शोधायचं ते ‘निशाणी’. महजर (निवाड्याचा कागद) असो, कतबा (लेखी कबुली) असो, वाटणीपत्र असो, खाली साक्षीदारांची नावं असतात. लिहिता न येणारा अंगठा देतो ही पद्धत नंतरची. त्याआधी माणूस आपल्या कामाचं चिन्ह काढायचा. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, शिपाईगड्याची कट्यार. ‘निशाणी नांगर’ असं लिहून पुढे बोटाच्या पेराएवढा नांगर काढलेला. कोणी नुसत्या तीन रेघांत उरकलेला, कोणी रुमण्यापासून फाळापर्यंत नीट काढलेला. एका कागदात मी असा नांगर पाहिलाय की काढणाऱ्याने बैलही काढायला घेतले होते, एकाचं शिंग झालं आणि जागा संपली.

कुठे शोधायचं:

घरात आधी. पत्र्याच्या पेटीत, तुळईवर, पोथ्यांच्या बासनात. कागद काळा पडला, वाळवीने जाळी केली म्हणून टाकू नका, नि लॅमिनेशन तर अजिबात करू नका.

तहसीलचं अभिलेख कक्ष. जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती शंभर-सव्वाशे वर्षांमागचीही सापडते, पुष्कळदा मोडीत. दोन-तीन वर्षांपासून कुणबी नोंदी शोधायला सगळा महाराष्ट्र याच वह्यांवर तुटून पडलाय, त्यामुळे निदान त्या कुठल्या कपाटात आहेत हे आता तिथल्या लोकांना माहीत झालंय. 😀

पुण्याचं पुराभिलेखागार, पेशवे दफ्तर. हजारो रुमाल. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा.) परगणा माहीत असल्याशिवाय जाऊ नका, आठ दिवस बसाल नि धूळ खाऊन परत याल. इनाम-वतनाचा वाद असेल तर १८५२ च्या इनाम कमिशनची कागदपत्रं सोन्यासारखी. कमिशनला प्रत्येक इनामदाराकडून पुरावा हवा होता, म्हणून लोकांनी पणजोबांपासूनची हकीकत लिहून दिलीय.

आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. ते सरच सांगतील.

जुनापुराणा
वि. का. राजवाडे धुळ्यातच गेले, ३१ डिसेंबर १९२६. लोकांच्या माळ्यावरून, बासनांतून उभ्या महाराष्ट्रात त्यांनी कागद गोळा केले होते. पुढच्याच वर्षी धुळ्यात मंडळ उभं राहिलं. तिथे जायचं तर गावाचं नाव, परगण्याचं नाव, मूळ आडनाव आणि निदान चार पिढ्या घेऊन जा. “आमचे पूर्वज सरदार होते, त्यांचं काही आहे का,” असं विचारणारे रोज येतात. “आमचे पूर्वज साधे होते” म्हणून विचारायला आलेला मी अजून पाहिला नाही.

१८८० चं खानदेशचं गॅझेटियरही चाळा. घराण्याचं नाव नाही मिळालं तरी गावात किती विहिरी नि कोणते बाजार, हे कळतं.

अमळनेरी
भाटांचं विसरलात का? आमच्याकडे राजस्थानातून भाट यायचा, लाल कापडात बांधलेली वही घेऊन. ओट्यावर बसून वाचायचा. त्याचा सूर असा लागायचा की म्हातारे डोळे पुसायचे. वाचून झालं की नव्या जन्मलेल्या पोरांची नावं चढवायची, धान्य नि धोतरजोडी घेऊन पुढच्या गावाला. त्याच्या वहीत आम्ही थेट चितोडचे.

मोडीवेडा
सगळेच चितोडचे. भाटाची वही मधल्या पाच-सहा पिढ्यांना चांगली, कारण त्या त्याने नि त्याच्या बापाने समक्ष लिहिल्यात. त्याच्या वर गेलं की दक्षिणा बघून उंची ठरते. त्यापेक्षा नाशिकचे तीर्थोपाध्ये धरा. अस्थी घेऊन गेलेल्याचं नाव, गाव, बापाचं नाव, बरोबर कोण, हे त्यांच्या वहीत उतरलेलं असतं, कित्येकदा जाणाऱ्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. तिथे फुशारकी मारायच्या मनःस्थितीत कोणी नसतं.

तापीकन्या
इतका वेळ वाचतेय. ढाल बापाकडून लेकाकडे, शिक्का बाप्याचा, निशाणी बाप्याची, भाटाच्या वहीत बाईच्या जागी नुसतं कुळ. आमच्या घराची ओळख विचाराल तर मी कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशी देवीचं, नारळ सांगेन. पिढीजात आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा त्यालाच नथ, डोळे, कुंकू. माझ्या सासूला तिच्या सासूने दिलं, आता माझ्याकडे आहे. आमच्याकडचे रोट (कानबाईचा प्रसाद) फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. कोण आपल्या कुळातला हे सांगायला आम्हाला दफ्तर लागत नाही, त्या दिवशी पंगतीत बघायचं. रोट कोणी नाकारला तर समजायचं, शेताच्या बांधावरून पुन्हा काहीतरी झालंय.

लेस्टरच्या पोराला म्हणावं ढालीवर नारळ काढ, नथ घातलेलं.

लेस्टरकर
तापीकन्या, इथल्या पोरांनी सिंह आणि ड्रॅगन काढलेले असणार. नथीचं नारळ आलं तर बाईंची काय अवस्था होईल!

आजोबा_धरणगाव
मन्हा आजाले ढाल-बिल कोनीच दिन्ही नही भो. नांगर व्हता, तोबी गहान.

शेवभाजी
धाग्याचा विजेता घोषित.

निळापेन
पाटीचं काय झालं पण? सगळे विसरले. मला वाटतं ती चपरास असावी. कचेरीतले शिपाई पट्ट्यावर पितळी बिल्ला लावायचे, त्यावरूनच चपराशी. तुमचे खापरपणजोबा कदाचित मामलेदार कचेरीत… रागावू नका.

गिरणाकाठ
रागावत नाही. पण चपरास एवढी जाड नसावी. ही वजनदार आहे, चार कोपऱ्यांना स्क्रूची भोकं. काल गावी जाऊन उतरवली, चिंच लावून घासली. आता अक्षरं स्वच्छ दिसतात. पट्टीवर: डी-आय-ई-यू, ई-टी, एम-ओ-एन, डी-आर-ओ-आय-टी. घोड्याच्या कपाळावर जे शिंग आहे त्याला आजोबा तुरा म्हणायचे, पण ते शिंगच आहे. आणि एक नवीन दिसलं. घोड्याला साखळी बांधलेली आहे.

लेस्टरकर
अगं बाई! काका, ते खुद्द इंग्लंडच्या राजघराण्याचं आहे. सिंह इंग्लंडचा, साखळीतला एकशिंगी घोडा स्कॉटलंडचा, वीणा नव्हे ती हार्प, आयर्लंडची. खालचं वाक्य फ्रेंच आहे, ‘द्यू ए माँ द्रुआ’, देव आणि माझा हक्क. इथे कोर्टात न्यायाधीशांच्या डोक्यावर असतं. दीव-दमणचा संबंध नाही, सॉरी.

शेवभाजी
म्हणजे आजोबा एका अर्थी बरोबर. राणीची पाटी होतीच. फक्त राणीने दिली नव्हती.

निळापेन
फ्रेंच ब्रीदवाक्य मिरवणारा इंग्लंडचा राजा नि त्याला दीव म्हणणारे भडगावकर. मला तर दोघंही सारखेच वाटतात.

मोडीवेडा
गिरणाकाठ, एक बघाल का? पाटीच्या खालच्या भागात एखादा फिरणारा तुकडा आहे का? बोटाने बाजूला सरकतो असा?

गिरणाकाठ
आहे!! ढालीच्या खाली थेंबाच्या आकाराचा तुकडा आहे. घासण्याआधी जाम होता. आता सरकतो. खाली भोक, वर गोल, खाली निमुळतं. तुम्हाला कसं कळलं?

मोडीवेडा
ते किल्लीचं भोक. तुमची पाटी तिजोरीच्या दाराची आहे. व्हिक्टोरियाच्या काळात विलायती लोखंडी तिजोऱ्यांवर कारखानदार राजचिन्हाची पितळी पाटी ठोकायचे, पेटंट मिळाल्याचा तोरा म्हणून. माझ्या मामांच्या कापसाच्या पेढीत अशी होती. लहानपणी मी तो तुकडा फिरवत बसायचो नि मार खायचो.

जुनापुराणा
जुळतंय. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा. खानदेशात तेव्हा पैसा असा आला की लोकांना ठेवायचा कुठे कळेना. ६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, कित्येक बुडाले. तिजोऱ्या राहिल्या. तुमची नेमकी त्याच काळातली असेल असं नाही म्हणत, पण खापरपणजोबांनी लढाई केली नसेल तर कापूस नक्की विकला असेल.

अमळनेरी
मग तिजोरी कुठेय? पाटी देवघरावर नि तिजोरी?

गिरणाकाठ
तेच आईला विचारलं. आई ८१ वर्षांची. ती शांतपणे म्हणाली, “वाटणीत थोरल्यांकडे गेली ना.” आजोबा नि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले तेव्हा तिजोरी थोरल्यांना गेली. आजोबांनी रागाने रातोरात दाराची पाटी काढून आणली. किल्लीपण. पाटी देवघरावर लावली नि पोरांना राणीची गोष्ट सांगितली. आईला हे लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं, मग आजवर बोलली का नाहीस? म्हणे, “कोणी विचारलं होतं का?”

तापीकन्या
बघा. सगळी दफ्तरं धुंडाळून झाली आणि माहिती स्वयंपाकघरात.

गिरणाकाठ
पाच दिवसांनी लिहितोय, कारण आता खरी बातमी आहे.

किल्ली शोधायला आईची पेटी उघडली. किल्ली मिळाली, वीतभर लांब. तिच्याखाली कापडात तीन मोडी कागद. मोडीवेडा यांना फोटो पाठवले, त्यांनी दोन रात्री जागून वाचले, एक पैसा घेतला नाही. (याआधी एकाने पानामागे भरपूर घेऊन मला ‘अस्पष्ट’ एवढंच लिहून दिलं होतं.) दोन कागद कर्जाचे. तिसरा नदीकाठच्या जमिनीच्या हद्दीचा. खाली सात साक्षी, चौथं नाव आमच्या पूर्वजाचं, पुढे मोकदम, म्हणजे पाटील, आणि ‘निशाणी नांगर’.

नांगर कसा आहे सांगू? घाईत काढलेला. दांडी वाकडी गेली म्हणून तिच्यावरून पुन्हा रेघ मारलीय, त्यामुळे दोन दांड्या दिसतात. शाईचा एक ठिपका फाळापाशी पडलाय.

भाचीला तो फोटो पाठवला. पोराने ढाल काढली: वरच्या अर्ध्या भागात नांगर, दुहेरी दांडीसकट. खाली एका बाजूला नथ घातलेलं नारळ (तापीकन्या, तुमच्या नावावर) नि दुसरीकडे वीणा. वीणा आपली नाही असं भाचीने सांगितलं तर म्हणाला, गोष्ट तर आपलीच आहे.

लेस्टरकर
आणि ब्रीदवाक्य?

गिरणाकाठ
‘दीव’. त्याला आवडलं.

शेवभाजी
सगळं ठीक, पण तिजोरीत काय आहे ते सांगा. किल्ली तुमच्याकडे म्हणजे ती तेव्हापासून उघडलेलीच नाही?!

गिरणाकाठ
चुलतभावाला काल फोन केला. अकरा वर्षांनी. तो म्हणाला, त्यांच्या आजोबांनी तेव्हाच लोहाराकडून कडी तोडून घेतली होती, आता आत बियाण्याच्या पिशव्या असतात. मग जरा थांबून म्हणाला, “किल्ली आण, बसते का बघू. पाटीपण आण, चार भोकं अजून तशीच आहेत.”

रविवारी जातोय. स्क्रू कुठे मिळतील, जुन्या मापाचे?

आजोबा_धरणगाव
मन्हाकडे शेतस.